चुलीमागे एक मत

विषय १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

मागची सभा म्हणजे कालचं जेवण, आणि ते भांडणात संपलं होतं. वाचून दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी कॉस्मेने ताटलीवर चमचा दोनदा वाजवला. टण्, टण्. एस.टी.त कंडक्टर होता तो. डबल बेल म्हणजे गाडी सोडा. नोकरी संपली तेव्हा घंटा त्याच्याबरोबर घरी आली आणि घरातली प्रत्येक गोष्ट तिच्यावर सुटू लागली. जेवण, वाद, मुलीचं लग्न, मुलीचं परत येणं.

"सांजची सभा सांजे, खुरसाकडे," तो म्हणाला. "ताटार बसान राजकारण नको."

"मगे कालपासून तुमी काय करतास?" एल्रॉयने विचारलं. धाकटा मुलगा. म्हापशाला कॉलेजात शिकवतो, मे महिन्यात वाडीच्या सणाला, फेस्तासाठी येतो आणि आल्याबरोबर बूट न काढता भांडायला बसतो.

"मी सांगतंय. राजकारण तुमी करतास."

जॉयस वाढत होती. ती थोरल्या रॉकीची बायको. त्यांचं होमस्टे आवाराच्या पलीकडच्या टोकाला, तिथलं स्वयंपाकघर वेगळं. पण फेस्ताच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी सासूच्या हातचं जेवायचं असा रिवाज होता. जॉयसने बांगड्याची आमटी नवऱ्याच्या ताटात वाढली आणि मनात म्हणाली, आता हा बोलणार.

"पपांनी पायऱ्या बांधल्यानी, खुरसाकडे लाईट हाडली," रॉकी म्हणाला. "तू काय हाडलंस रे, म्हापशाचे पाव?"

कोणी हसलं नाही. पाव खरोखरच मधोमध टोपलीत होते.

प्रश्न असा होता. खुरीसवाडीत मत माणसाला नसतं, चुलीला असतं. बावीस चुली, बावीस मतं. फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घराने आपल्या चुलीवर मेणबत्ती पेटवायची, वाऱ्यातून विझू न देता खुरसाकडे, वाडीच्या क्रुसाकडे न्यायची. तिथे प्रेझिदेंत, त्या वर्षीचा फेस्ताचा यजमान, उभा असतो. तो विचारतो, खंयची चूल? आपण नाव सांगायचं आणि मेणबत्ती उजवीकडे किंवा डावीकडे लावायची. मोजणी संपली. दुसऱ्या दिवशी पाद्रीची मिसा झाली की जुना प्रेझिदेंत मोठी मेणबत्ती नव्याच्या हातात देतो. एक फेस्त, एक प्रेझिदेंत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण कोणी मोडलेलं नव्हतं.

मग कॉस्मेची पाळी आली आणि त्याच वर्षी टाळेबंदी लागली. फेस्तच झालं नाही. मोठी मेणबत्ती कोरी राहिली. वाडीला वाईट वाटलं. म्हातारा माणूस, इतकी वर्षं वाट पाहिलेली. "पेटलीच नाय, तर संपली कशी?" असं तोच म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. पुढच्या वर्षी पोलिसांनी पंधरा माणसांत उरकायला लावलं. ते काय फेस्त झालं? त्याच्या पुढच्या वर्षी वाऱ्याने मेणबत्ती अर्ध्यावर विझली. त्यानंतर कारण सांगायची गरज कोणाला वाटेनाशी झाली. कॉस्मेलाही.

आज संध्याकाळी त्याचा ठराव होता. प्रेझिदेंत स्वतः मेणबत्ती खाली ठेवीपर्यंत तोच प्रेझिदेंत. हवा असेल त्याने उजवीकडे लावावी. दरवर्षी नवा माणूस हवा, त्याने डावीकडे.

विषय २ : प्रेझिदेंताच्या मुदतीबाबत विचार करणे

"विचार कसलो करूचो?" कॉस्मे म्हणाला. "नवो माणूस येता. तेका फ्यूज खंय आसा म्हायत नसता, ग्रामपंचायतीत कोणाक भेटूचा तां म्हायत नसता. शिकता शिकता वर्ष सरता. मगे दुसरो नवो. ही लोकशाही? हो तर शिकाऊ ड्रायव्हरांचो डेपो."

एल्रॉयला राग या गोष्टीचा आला की वाक्य चांगलं होतं. वर्गात त्याने स्वतः ते वापरलं असतं.

"पपा, तुमी चांगला काम केलात. कोण नाय म्हणता?"

"मगे?"

"वाईट माणसाक काढूक नियम लागणा नाय. लोकच हाकलून घालतत. मुदतीचो नियम बऱ्या माणसासाठीच असता. बरो माणूसच उठणा नाय खुर्चीवरसून. आणि बरो म्हणान तेका कोण उठयणा नाय."

"भाषण हां म्हापशाक दी."

"युनियनमधल्या त्या पुढाऱ्याक तुमीच घरी धाडलात ना? दोन टर्म झाल्यो, आता घरी जा, असो बोर्ड तुमी स्वतः रंगयलात. ह्याच घराच्या खळ्यात. रंगाचो डबो मी धरलेलंय."

"तो चोर होतो."

"चोर नव्हतो. तुमीच तेवा सांगायचात. माणूस बरो आसा, पण मुक्काम इलो तरी उतरणा नाय."

कॉस्मेच्या हातातला पाव तुटला. त्याने दोन्ही तुकडे ताटलीत ठेवले, शेजारी शेजारी, जसे कोणी पुन्हा जोडणार आहे.

"तुका काय व्हया?" त्याने हळू विचारलं. कॉस्मे हळू बोलला की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जातात. "तुझी चूल म्हापशाक. तुका वाडीत मत नाय. हयसर येऊन माझी आमटी खातंस आणि माका उतर म्हणतंस?"

"आमटी मांयची," एल्रॉय म्हणाला.

विषय २ (पुन्हा, कारण आधीचा सुटला नाही)

मुलगी, ॲश्लिन, इतका वेळ बोललीच नव्हती. ती जेवतही नव्हती. तिच्या हातांना सुक्या मासळीचा वास होता. तो मे महिन्यात जात नाही, आणि ती घालवण्याचा प्रयत्नही करत नाही. वेंगुर्ल्याचा नवरा दुबईला गेला आणि तिथे दुसरा संसार करून राहिला, तेव्हापासून ती बापाच्या घरी. खुरसासमोरच्या मोकळ्या खळ्यावर बांगडे, सुंगटं, बोंबील वाळवायची आणि मालवणच्या बाजारात विकायची. वाडीतल्या आणखी सात-आठ बायका तिच्याबरोबर. पावसाच्या आधी जेवढं वाळेल तेवढं वर्षाचं.

त्या खळ्याच्या कडेला काल बांबू येऊन पडले होते. कुंपणाचे. रॉकीच्या होमस्टेतल्या आणि बोटीवरच्या पाहुण्यांच्या गाड्या तिथे लागणार होत्या. प्रेझिदेंताने परवानगी दिली होती. कोणाला विचारलं नव्हतं, कारण प्रेझिदेंताने कोणाला विचारायचं?

"माका एक सांगा," ती म्हणाली. "त्या खळ्यार कोण उभा रवता उन्हात? बायलो. आणि सांजे मेणबत्ती घेऊन कोण येतले? दादले. दरवर्षी नवो प्रेझिदेंत हाडा नायतर शंभर वर्षांचो हाडा, माका काय फरक? माका मतच नाय. वाडीत जो मोठो झालो, बायल असो नायतर दादलो, तेका मत व्हया. तां आधी ठरवा."

"बरोबर!" रॉकी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"बरोबर बोलता ती. प्रत्येकाक मत. माझ्याकडे चार पोरगे कामाक आसत, हयसरच निजतत, हयसरच जेवतत. तेंकाय दी."

"ते वाडीचे नाय," एल्रॉय चटकन म्हणाला. "भायरसून इलेले. उद्या जातले. मतदार कोण, तेका काय मर्यादा नको?"

"तू तरी वाडीचो खंय रे?" ॲश्लिन त्याच्यावर उलटली. "आता बापाशीक शिकयत होतंस. तुझा मत नाय तर तुका लोकशाही व्हयी, दुसऱ्याचा मत इला तर तुका मर्यादा व्हयी!"

"मी तुझ्याच बाजून आसंय गो!"

"माझ्या बाजून कोण नाय. माझी बाजू त्या बांबवांखाली गेली."

जॉयस हे ऐकत दारात उभी होती. तिला एक वाक्य आठवलं, जे ती चार वर्षं गिळत होती. होमस्टेचं स्वयंपाकघर ती चालवते. पहाटे उठून पाहुण्यांचे घावणे ती काढते. त्या स्वयंपाकघरामुळे रॉकीला वेगळी चूल मिळाली, चूल मिळाली म्हणून मत मिळालं. चूल माझी, मत तेचा. वाक्य आजही तिने गिळलं, पण आज ते घशात अडकलं.

तेवढ्यात ओटीवर दाजी आला. वाडीतली एकुलती हिंदू चूल त्याची. त्याच्या आजापासून फेस्ताचे नारळ त्यांच्या बागेतून येतात, म्हणून त्यालाही मेणबत्ती.

"कॉस्मेबाब, घरोघर फिरान इलंय," तो म्हणाला आणि पाणी मागितलं. "अकरा हयसून, अकरा थयसून. तुमच्या दोनी चुली धरून."

कॉस्मे खुर्चीत मागे रेलला. बरोबरी झाली की निर्णय प्रेझिदेंताचा. हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

"आमच्या देवळात बरा," दाजी बसत म्हणाला. "देवाक कौल लावतत. फूल पडला, विषय संपलो. भांडणा नाय."

"आणि कौल कोणाच्या बाजून लागता, दाजीनू?" एल्रॉयने विचारलं.

"फुलां चिकटवणाऱ्याच्या." दाजी पाणी प्याला. "देवाक कित्याक दोष द्या? पण एक इचारू? रॉकीकडे ती करंटची काळी काच बसयल्यानी. तेच्यार मेणबत्ती पेटतली कशी? आणि नाय पेटली तर ती चूल कशी?"

एल्रॉय सरसावून बसला. "बरोबर! इंडक्शन म्हणजे चूल नाय. एक मत कमी!"

"गॅसय आसा माझ्याकडे!" रॉकी ओरडला.

"सिलिंडर मार्चपासून रिकामो आसा," जॉयस म्हणाली. म्हणून गेली. रॉकीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने भांडं उचलून आत न्यायला हवं होतं. तिने नेलं नाही.

टण्, टण्.

"नियम मी सांगतंय," कॉस्मे उभा राहिला. "दाजी, तू साक्षीक आसंस, नीट आयक. चूल दगडाची, गॅसची, करंटची, कसलीय असो. जेच्यार पेज शिजली आणि जेनी शिजयली तेनी ती वाडीतच खाल्ली, ती चूल. मेणबत्ती काडीन पेटवा. चुलीक प्रेझिदेंताचीय परवानगी लागणा नाय. झाला?"

"मगे माझी गेल्या वर्षी कशी नाय झाली?" ॲश्लिनचा आवाज चिरला. "मी खळ्यार स्टोव्ह मांडलंय, पेज केलंय, खाल्लंय!"

"तुझी चूल वेंगुर्ल्याक. इगर्जीत पाद्रीसमोर लग्न झाला तुझा. चेडवाची चूल घोवाच्या गावात."

"तो दुबईत दुसरी घेऊन—"

"इगर्जीत मोडूक नाय!"

"मगे मी खंयची? सांगा. वेंगुर्ल्याक माका दार उघडणत नाय, हयसर माका मेणबत्ती नाय. मी खंयची?"

टण्.

एकच. सगळे थांबले. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा. या घरात ती कधी वाजली नव्हती.

लिंडा, कॉस्मेची बायको. तिने वाढायची डवली भाताच्या टोपावर आपटली होती. एकदा.

"जेवाण झाला," ती म्हणाली. "उठा."

सभा तहकूब

(इतिवृत्तात घेऊ नये.)

दरवर्षी घरची मेणबत्ती ती पेटवायची. चुलीत काडी धरून, वात नीट करून, वारा लागू नये म्हणून पदराआड धरून दारापर्यंत आणायची. दारात कॉस्मे घ्यायचा. दारापासून खुरसापर्यंत ती मेणबत्ती त्याची.

ती भांडी न घासता निघाली. कोणाच्या लक्षात आलं नाही. भांडी तशीच पडलेली कोणाच्या लक्षात येत नाहीत.

खळ्यावर ऊन पांढरं. बांगड्यांच्या रांगा. चिऱ्याचे तीन तुकडे तिने पायाने सारून जवळ आणले. नारळाची सोडणं होती, झावळांची चुडतं होती, पण चुडतं भुर्रकन जळतात, पेज व्हायला नेटाचा जाळ लागतो. तिने इकडे तिकडे पाहिलं.

मग कुंपणाचा एक बांबू ओढला. कोयत्याने फोडला. फोडताना जोर जास्त लागला, लागत होता त्यापेक्षा. दुसरा ओढला.

मागून पावलं वाजली. जॉयस. हातात टोप, टोपात मूठभर उकडे तांदूळ.

"मांय, पाणी विहिरीचा हाडू?"

"हाड."

"रॉकी माका मारून टाकतलो."

"तेका सांग, सिलिंडर भरून हाड आधी."

दोघी हसल्या नाहीत. धूर वर गेला. सुक्या मासळीवर बसलेले कावळे उडाले, आणि ओटीवर बसलेल्या दाजीने नाक वर केलं.

विषय ५ (३ व ४ चर्चेस आले नाहीत)

कॉस्मेला काडेपेटी सापडेना.

त्याने फळी पाहिली, गॅसच्या मागे पाहिलं, तांदळाच्या डब्यात पाहिलं. लिंडाला हाक मारली. भांडी पडलेली होती, त्यांच्यावर माश्या होत्या. हे काय आहे? आजच्या दिवशी? त्याला राग आला आणि रागाखाली काहीतरी दुसरं आलं, त्याला त्याने नाव दिलं नाही. शेवटी एल्रॉयच्या सिगरेटच्या लायटरने गॅस पेटवला, मेणबत्ती पेटवली आणि हाताची ओंजळ करून निघाला. तीन वेळा विझली. मेणबत्ती इतकी सारखी विझते हे त्याला माहीत नव्हतं.

खुरसाकडे वाडी जमली होती. तो पायरीवर उभा राहिला. आपणच बांधलेल्या पायरीवर.

"खंयची चूल?"

"दाजीची." डावीकडे. कॉस्मेने दाजीकडे पाहिलं; दाजीने खुरसाकडे.

"खंयची चूल?"

"सुशीलाची." नाव हिंदू, बाई क्रिस्तांव. विधवा होती, मुलगा बोटीवर, म्हणून ती स्वतः आली होती. तिला चालतं, पुरुष मेला की बाईची चूल होते. डावीकडे.

"खंयची चूल?"

"रॉकीची." उजवीकडे. रॉकीच्या मागे जॉयस नव्हती.

एकेक येत गेली. उजवीकडे, डावीकडे. शेवटी त्याने स्वतःची उजवीकडे लावली आणि दाजीने मोजलं. अकरा. अकरा.

"बरोबरी," कॉस्मे म्हणाला. "म्हणजे प्रेझिदेंताचो निर्णय—"

"रवा."

खळ्याच्या बाजूने लिंडा येत होती. हातात मेणबत्ती, पदर ज्योतीपुढे. दोन्ही हात काळे. मागे जॉयस, तिच्या हातात रिकामा टोप, बुडाला पेज चिकटलेली.

ती रांग नसलेल्या रांगेत उभी राहिली. त्याच्यासमोर.

"ह्यां काय?" रॉकी पुढे आला. "हां चलणा नाय! मांय, घराची मेणबत्ती लागली. पपांनी लायली!"

"पेज शिजली," दाजी म्हणाला. "मी वास घेतलंय. खाताना बघलंय. उभ्यान, सुकटीबरोबर."

"घोव जितो आसताना बायलेची चूल? कधी झाली काय?"

"नाय झाली," एल्रॉय म्हणाला, "पण नियमाप्रमाणे बघितला तर—"

"तू गप रव रे," ॲश्लिन म्हणाली. तिचे डोळे आईच्या काळ्या हातांवर होते.

कॉस्मेला नियम माहीत होता. दुपारी त्यानेच सांगितला होता, उभं राहून, साक्षीदार ठेवून. मुलीला जे कारण दिलं, ते इथे लागत नव्हतं. चेडवाची चूल घोवाच्या गावात. हिच्या घोवाचं गाव हेच. घोव समोर उभा होता. तो नाही म्हणू शकत होता. वाडीतल्या अर्ध्या चुलींना ते आवडलंही असतं. एक शब्द होता तो, आणि इतकी वर्षं असे शब्द तो चमच्याने वाजवत आला होता.

"लिंडा," तो हळू म्हणाला. मांजरं बाहेर जातात त्या आवाजात. "घर मोडतंस तू."

"मी पेज केलंय," ती म्हणाली. "इचारा."

"घरी जाऊन बोलूया."

"घरी बोलूक डबल बेल वाजता. हयसर इचारा. बाविसांक इचारलात, माका इचारा."

मेण तिच्या बोटांवर उतरत होतं. तिने हात हलवला नाही. समुद्राकडून वारा आला, ज्योत आडवी झाली, जमलेल्या बायकांतून कोणीतरी श्वास आत ओढला. ज्योत सरळ झाली. ह्या बाईला मेणबत्ती कशी धरायची ते माहीत होतं.

कॉस्मेने तोंड उघडलं.

"खंयची," तो पुटपुटला. मग राग आला, स्वतःच्या आवाजाचा, सगळ्यांच्या बघण्याचा, आणि तो ओरडला, "खंयची चूल?"

"लिंडाची."

तिने वाकून मेणबत्ती डावीकडे लावली. दाजीने मोजायची गरज नव्हती. त्याने तरी मोजलं. अकरा. बारा.

आभारप्रदर्शन

कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. रॉकी पायरीला लाथ मारून निघून गेला. ॲश्लिन खळ्यावर गेली आणि राहिलेले बांबू एकेक करून ओढू लागली. सुशीला न बोलता दुसरं टोक धरायला गेली. एल्रॉय बापाजवळ जाऊन काहीतरी बरं बोलणार होता, पण त्याला सुचलेली सगळी वाक्यं वर्गातली होती.

कॉस्मे पायरीवरून उतरला नव्हता.

लिंडा त्याच्यासमोर थांबली. हातावरचं वाळलेलं मेण नखाने सोलत.

"मोठी मेणबत्ती कपाटात आसा, माझ्या साड्यांखाली," ती म्हणाली. "फाल्यां मिसा झाली की नव्याच्या हातात देऊची आसा ती. शोधीत बसा नको."

"जेवाण?" त्याने विचारलं. त्याला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"माझ्या चुलीर आज एकाच माणसाची पेज शिजली." ती वळली, दोन पावलं गेली आणि मागे न बघता म्हणाली, "तुमची चूल थंय घरात आसा. काडेपेटी खिडकीत."